फ्रिडरिश ल्युडर्सची वही

"हा माझा बाप आहे," फ्राऊ टान म्हणाल्या आणि त्यांनी गुळगुळीत कागदाचा तो लिलावाचा कॅटलॉग टेबलावरून दीनानाथ खासनीसांच्या पुढ्यात सरकवला. "खाली काय छापलंय, ते वाचा."

दीनानाथांनी वाचायचा चष्मा लावला. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्यांच्या ब्लॉकखालचं कॉफी शॉप सकाळी साडेनऊनंतर निवांत होतं. ऑफिसला जाणारे गेलेले असतात, म्हातारेकोतारे उरतात. फोटोतला माणूस चाळिशीचा, लष्करी कोटातला, कान जरा बाहेर आलेले. अंगावर दुसऱ्याचे कपडे घालून उभा असल्यासारखा दिसत होता. खाली इंग्रजीत छापलं होतं : जंगलातल्या बंडखोरांचा कर्दनकाळ. अतिशय दुर्मिळ नोंदी असलेलं जर्मन सोल्डबुख. गावं साफ करणाऱ्या मोहिमांत गाजलेल्या तुकडीतला सैनिक, मानाच्या बिल्ल्याची नोंद. संग्राहकांनी हातचा जाऊ देऊ नये असा नग.

"नग," दीनानाथ मराठीतच पुटपुटले.

सोल्डबुख म्हणजे जर्मन सैनिकाची ओळखवही. छातीच्या खिशात मावेल एवढी. नाव, गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर, बुटांचं माप, कोणकोणत्या तुकडीत होता, इस्पितळात कधी पडला, सुट्टीवर कधी गेला, पदकं कोणती मिळाली, सगळं त्या दोन डझन पानांत. ती जवळ नसली की सैनिकाला पळपुटा समजून भिंतीशी उभं करायला कमी करत नसत.

फ्राऊ टान यांचं माहेरचं नाव हानेलोर ल्युडर्स. जन्म १९३६चा, उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यातला. हांबुर्गला शिकायला आलेल्या सिंगापूरच्या एका इंजिनिअरशी लग्न करून त्या १९६६मध्ये इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला, मोठं घर सोडून त्या पासिर रिसच्या या लहान फ्लॅटमध्ये आल्या, आणि त्या आवराआवरीत त्यांच्या मुलाने जुन्या सामानाची एक पेटी न उघडताच एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. वडिलांची वही त्या पेटीत होती. त्यांनी दोन वर्षं मुलाशी या विषयावर शब्द काढला नव्हता. मग २०१६च्या जानेवारीत एका ओळखीच्या बाईने हा कॅटलॉग आणून दिला.

दीनानाथांशी त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली होती. त्यांच्या हातातली पिशवी फाटून संत्री घरंगळली आणि त्यांनी दात-ओठ खाऊन एक अस्सल जर्मन शिवी हासडली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थाने संत्री गोळा करत तितक्याच अस्सल जर्मनमध्ये सांगितलं की हा शब्द आपण तीस वर्षं पुण्याच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवायचं टाळत आलो. त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार ठरले. बाई बिनदुधाची कॉफी घ्यायच्या, हे दुधाचा चहा. एकाहत्तर वर्षांच्या दीनानाथांना मुलीच्या घरी राहून हळूहळू विसरत चाललेली भाषा परत मिळाली, आणि फ्राऊ टान यांना कितीतरी वर्षांनी माहेरचं बोलणं.

"आई सांगायची, तो लढाईभर पाव भाजत होता," फ्राऊ टान म्हणाल्या. "एक्कावन्न साली तो गेला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तो युद्धाबद्दल अवाक्षर बोलला नाही. मला वाटलं, पावाबद्दल काय बोलणार." त्यांचा हात फोटोवरून हलला नव्हता. "प्रोफेसर, माझी आई आयुष्यभर माझ्याशी खोटं बोलली का?"

दीनानाथांनी कॅटलॉगातली दुसरी दोन चित्रं जवळ घेतली. एक तुकड्यांच्या पानाचं होतं, एक पदकांच्या. बारीक होती, पण दीनानाथांना एक गोष्ट लगेच खटकली. "मला वही प्रत्यक्ष बघू द्या," ते म्हणाले. "तोपर्यंत काही ठरवू नका."

पेटी घेणाऱ्या व्यापाऱ्याचं दुकान शहरातल्या एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. मालक डेस्मंड को पन्नाशीचा, मृदू बोलणारा, हातात पांढरे मोजे घातलेला. म्हातारे भारतीय गृहस्थ जर्मन वाचतात म्हटल्यावर त्याला आनंदच झाला. त्याने वही मखमलीच्या तुकड्यावर ठेवली आणि स्वतः खुर्ची ओढून दिली. दीनानाथांनी आपण गिऱ्हाईक आहोत असं सांगितलं नाही, आणि नाही असंही सांगितलं नाही.

त्यांनी तुकड्यांचं पान उघडलं. तीन ओळी होत्या. पहिल्या दोन जुन्या जर्मन वळणाच्या लिपीत, जी आता जर्मन लोकांनाही वाचता येत नाही, आपल्याकडे मोडी वाचणारे जसे शोधावे लागतात तसं. दीनानाथांना ती येत होती, कारण चौऱ्याहत्तर साली शिष्यवृत्तीवर ग्योटिंगेनला असताना हातखर्चासाठी त्यांनी दोन हिवाळे चर्चच्या जुन्या नोंदवह्या उतरवून दिल्या होत्या. त्या लिपीत यू आणि एन सारखेच दिसतात, म्हणून यूच्या डोक्यावर कारकून एक लहानशी चंद्रकोर काढत. पहिल्या दोन ओळींत सगळ्या चंद्रकोरी जागच्या जागी होत्या. तिसरी ओळ, ती गाजलेल्या तुकडीची, सरळ रोमन अक्षरात होती. अक्षर सुंदर होतं, एखाद्या आमंत्रणपत्रिकेवर शोभेल असं. खालची सही कोणाची ते कळत नव्हतं आणि शिक्क्याची शाई मागच्या पानावर जराही उतरली नव्हती. वरच्या दोन शिक्क्यांची जांभळी शाई पार पलीकडे फुटली होती.

पहिल्या ओळीपाशी त्यांची नजर थोडी अडखळली. तिथे एक संक्षेपात लिहिलेला शब्द होता, आणि त्याचा अर्थ त्यांना माहीत होता. पण त्यांनी पदकांचं पान उघडलं.

"हा बिल्ला याला १२ ऑक्टोबर १९४३ला मिळाला?" त्यांनी विचारलं.

"तसंच लिहिलंय, अंकल. फार थोड्यांना मिळाला तो."

"त्या तारखेला कुणालाच मिळालेला नाही. हा बिल्ला काढायचा हुकूमच चव्वेचाळीसच्या जानेवारीत निघाला."

डेस्मंड हसला. "कारकून चुकतात. युद्ध चालू होतं."

दीनानाथांनी इस्पितळाचं पान उघडलं. त्यावर जुन्या लिपीतली एक दाट, आडवी ओळ होती. त्यांनी तिच्याखाली बोट धरलं. "आणि हे?"

डेस्मंड पुढे वाकला, मग आणखी वाकला. "काय लिहिलंय?"

त्या दोन शब्दांत दीनानाथांना सगळं कळलं. ज्याने वहीत दोन ओळी घुसवल्या होत्या, त्याला ही ओळ वाचताच येत नव्हती. वाचता आली असती तर त्याने हे पान आधी फाडलं असतं.

"वॉर्सोचं राखीव इस्पितळ," दीनानाथांनी सावकाश वाचलं. "दाखल ३ सप्टेंबर त्रेचाळीस. सुट्टी १९ डिसेंबर. आजाराचं नाव नाही, नुसता आकडा आहे, पण बाजूला कुणीतरी लिहून ठेवलंय, कावीळ. पाठवणारी तुकडी, बेकरी. तुमचा कर्दनकाळ त्या दिवशी पिवळा पडून खाटेवर झोपला होता, मिस्टर को."

डेस्मंडने हातातले मोजे काढले आणि घडी करून ठेवले. आवाज तसाच मृदू होता. "मी जे विकत घेतलं ते विकतो."

"टान कुटुंबाकडून पेटी घेतलीत तेव्हा या दोन ओळी होत्या?"

"अंकल, पाव भाजणाऱ्याची वही कोण घेतो? तसल्या वह्या ढिगाने पडल्यात. लोकांना गोष्ट लागते. आणि माणूस मेला त्याला साठ-पासष्ट वर्षं झाली. यात कुणाचं काय बिघडलं?"

दीनानाथ खासनीस तीस वर्षांत वर्गात कुणावर ओरडले नव्हते. ओरडायला लागलं की व्याकरण बिघडतं, असं ते म्हणत. आताही ते ओरडले नाहीत.

"त्याची मुलगी याच शहरात आहे," ते म्हणाले. "गेले दहा दिवस ती धड जेवलेली नाही. आपल्या बापाने गावं जाळली असं तुम्ही तिला छापून सांगितलंत. ते सोडा. ती गावं खरी होती, मिस्टर को. त्यांत कोठारांत कोंडून जाळलेली माणसं खरी होती. त्यांचं मरण तुम्ही एका वहीला झिलई द्यायला वापरलंत. तुम्हाला ते कुठे घडलं एवढं तरी माहीत आहे का?"

"मुलाने विकायला नको होती," डेस्मंड म्हणाला आणि वही मखमलीसकट उचलून आत घेऊन गेला.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला, क्षिप्राला सगळं सांगितलं; जावई अश्विन अजून बँकेतून यायचा होता. क्षिप्रा नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून आलेली. तिने ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवलं.

"बाबा, तुम्ही इथे राहायच्या पासवर आहात. आमच्यामुळे मिळालेल्या पासवर. त्या माणसाने बदनामीची नोटीस पाठवली तर अश्विनच्या बँकेपर्यंत जाईल. इथे असल्या गोष्टी मिटवता येत नाहीत."

"मी खोटं काय बोलणार आहे?"

"खरं बोलल्यानेच नोटिसा येतात. तुम्ही त्या आजींना सांगा, ते खोटं आहे, त्यांचं समाधान होईल. विषय संपला. जगातल्या सगळ्या वह्या तुम्हीच तपासायच्यात का?"

दीनानाथांना मुलीचं म्हणणं कळत होतं आणि त्याचाच त्यांना जास्त राग येत होता. प्रत्येक जण शहाणपणाने गप्प बसतो आणि मग डेस्मंडसारख्याचं अक्षर खरं ठरतं. त्यांनी त्या रात्री पोळी अर्धी टाकली.

शुक्रवारी त्यांनी फ्राऊ टान यांना इस्पितळाची ओळ सांगितली, तारखेची गोष्ट सांगितली, चंद्रकोरीची सांगितली. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. त्यांनी पहिल्यांदा समोरचा टोस्ट उचलला.

"आणि पहिल्या दोन ओळी? त्या खऱ्या आहेत?"

"खऱ्या आहेत. दुसरी बेकरीची."

"पहिली?"

दीनानाथांनी चहाचा पेला फिरवला. "राखणीची तुकडी. वयस्क लोकांची असायची. पूल, रेल्वेचे रूळ, असलं काहीतरी राखायचं."

"पूल," फ्राऊ टान म्हणाल्या आणि हसल्या. "तो पुलावर उभा आहे असं डोळ्यांसमोर आणू शकते मी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दीनानाथांनी स्वतःला समजावलं की पूलही राखत असत, हे काही खोटं नाही. आणि कुठे होती ती तुकडी हे वहीत लिहिलेलं नव्हतंच. मुद्दा आज तो नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक बर्लिनला, जिथे त्या युद्धातल्या सैनिकांच्या गळ्यातल्या बिल्ल्यांच्या नोंदी सरकारने जपून ठेवल्या आहेत. तिथे फक्त जवळच्या नातेवाइकाला उत्तर मिळतं, म्हणून सही फ्राऊ टान यांची, आणि बिल्ल्याचा नंबर दीनानाथांनी दुकानात वहीच्या पहिल्या पानावरून पाठ करून आणलेला. दुसरं पत्र लिलाव करणाऱ्यांना, सहा पानी, एकेका खोट्या खुणेला एक परिच्छेद. लिलाव करणाऱ्यांकडून दोन ओळींचं उत्तर आलं : वस्तूंच्या वर्णनाची जबाबदारी विक्रेत्याची आहे, आपल्या आस्थेबद्दल आभार.

"आस्था," दीनानाथ स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले. "आस्था म्हणे."

मार्चमध्ये लिलावाच्या आदल्या दिवशी एका हॉटेलच्या हॉलमध्ये वस्तू बघायला ठेवल्या होत्या. नाव लिहून कुणालाही आत जाता येत होतं. दीनानाथांनी घरी सांगितलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, एमआरटी मेट्रोने गेले, दारातल्या नोंदवहीत नाव लिहिलं. ल्युडर्सची वही काचेखाली उघडी होती, बरोबर त्या खोट्या ओळीवर. भोवती तिघे उभे होते. त्यातला एक तरुण, गळ्यात ऑफिसचं कार्ड असलेला, मित्राला सांगत होता, "चेहरा बघ ना, किती साधा. आणि याने किती जणांना उडवलं असेल."

मित्र हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. एखाद्या खेळातला गुण मोजावा तसं ते बोलत होते. 

"एकालाही नाही," ते मोठ्याने म्हणाले. "निदान तिथे तरी नाही."

तिघांनी मागे वळून बघितलं. दीनानाथांनी काचेमागच्या मुलीला पान उलटायला सांगितलं, आणि तिने, हा कुणी तज्ज्ञ असावा असं समजून, उलटलं. त्यांनी इस्पितळाची ओळ आधी जर्मनमध्ये आणि मग इंग्रजीत वाचली, वर्गात वाचायचे तशी, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. मग बिल्ल्याची तारीख. मग शाई. मागून आणखी पाच-सहा जण येऊन उभे राहिले. एक उंच ऑस्ट्रेलियन खिशातून भिंग काढून वाकला, शिक्क्याचं पान उजेडात धरायला लावलं, आणि भिंग परत ठेवून निघून गेला. ते पुरेसं होतं.

डेस्मंड को लांबून चालत आला, सोबत हॉटेलचा सुरक्षारक्षक.

"अंकल, प्लीज. घरी जा."

"जातो," दीनानाथ म्हणाले. "माझं वाचून झालं."

रक्षकाने त्यांना दारापर्यंत सोडलं, दार उघडून धरलं. दुसऱ्या दिवशी लिलावाच्या यादीत त्या क्रमांकापुढे छापलं होतं : मागे घेतले. कारण दिलं नव्हतं. डेस्मंडवर कसलीही कारवाई झाली नाही, त्याचं दुकान दुसऱ्या दिवशीही अकरा वाजता उघडलं. नोटीसही आली नाही. महिन्याभराने त्याने फ्राऊ टान यांना फोन करून सांगितलं की ती वही त्याच्या आता काही कामाची नाही, मुलाला दिले तेवढे पैसे द्या आणि घेऊन जा. दिलगिरीचा शब्द नव्हता. क्षिप्राला हे सगळं शेजारणीकडून कळलं. ती वडिलांवर दोन दिवस रुसली, आणि तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की त्या चंद्रकोरी कशा दिसतात, काढून दाखवा.

बर्लिनचं उत्तर नोव्हेंबरच्या शेवटी आलं. फ्राऊ टान यांनी पाकीट उघडलं नव्हतं. कॉफी शॉपातल्या नेहमीच्या टेबलावर त्यांनी ते दीनानाथांना दिलं. "तुम्हीच वाचा. मोठ्याने."

एकच पान होतं, टाइप केलेलं. दीनानाथांची नजर सवयीने आधी पूर्ण पानावरून फिरली. ल्युडर्स, फ्रिडरिश, जन्म १९०२. लांडेसश्युत्सेन बटालियन, म्हणजे ती राखणीची तुकडी, दुसरी कंपनी. जुलै १९४१ ते एप्रिल १९४२, कैद्यांच्या छावणीवर पहारा. छावणीचं नाव दिलं होतं. ल्युनेबुर्गच्या माळरानावरची. पुढे बेकरी, वॉर्सोचं इस्पितळ, पुन्हा बेकरी, ब्रिटिशांची कैद, सुटका.

त्या माळरानावर त्या वर्षी रशियन युद्धकैद्यांना तारेच्या कुंपणात उघड्यावर ठेवलं होतं. बराकी नव्हत्या. माणसांनी हातांनी आणि डब्यांनी जमिनीत खड्डे करून त्यात हिवाळा काढला, झाडांच्या साली खाल्ल्या, आणि हजारोंनी मेली. दीनानाथांनी हे चाळीस वर्षांपूर्वी वाचलं होतं. वहीतली पहिली ओळ बघितली त्याच क्षणी त्यांना अशा छावण्या आठवल्या होत्या, कारण त्यांच्यावर पहारा असल्याच तुकड्यांचा असे.

"वाचा ना," फ्राऊ टान म्हणाल्या.

एक ओळ गाळायची, एवढंच होतं. बाईंचं वय ऐंशी. डोळे अधू झालेले, टाइप बारीक. "राखणीची तुकडी, मग बेकरी" म्हटलं असतं तर त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं असतं आणि शांतपणे मेल्या असत्या. दीनानाथांनी तोंड उघडलं आणि त्यांना डेस्मंड कोचा तो मृदू आवाज ऐकू आल्यासारखा झाला, यात कुणाचं काय बिघडलं. त्यांना स्वतःची किळस आली. त्याने ओळ घातली होती, हे ओळ काढणार होते. फेब्रुवारीत तर त्यांनी एक काढलीच होती.

त्यांनी पूर्ण पत्र वाचलं. छावणीचं नावही.

 शेजारच्या टेबलावरची भांडी उचलणारी बाई आली, समोरचा रिकामा कप घेऊन गेली.

"ते गाव आमच्या घरापासून पंचवीस किलोमीटरवर आहे," फ्राऊ टान म्हणाल्या. "मी पाच वर्षांची होते. बाबा त्या हिवाळ्यात रविवारी घरी येत, सायकलवरून. मला वाटायचं, युद्ध असंच असतं, सायकलवर जाऊन यायचं." मग त्यांनी वर बघितलं. "तिथे काय झालं, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या छावणीचं नाव आत्ता कळलं. पण ती तुकडी काय करायची ते मला दुकानात वही बघितली तेव्हाच कळलं होतं."

"पूल म्हणालात तुम्ही."

"हो."

"मी रोज झोपताना त्याला पुलावर उभा करत होते. नऊ महिने." त्यांचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द सुटा येत होता. "त्या व्यापाऱ्याला माझं दुःख माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. मला काय पेलेल हे तुम्ही ठरवलंत. आईने ठरवलं, मुलाने पेटी न उघडता ठरवलं, आणि तुम्हीही. ऐंशी वर्षं लोक माझ्यासाठी ठरवत आलेत, प्रोफेसर, आणि प्रत्येकाने ते माझ्या भल्यासाठीच केलंय."

दीनानाथांना म्हणायचं होतं की तुम्ही जेवत नव्हता, तुम्ही रडत होता. पण ते खरं असूनही त्याने काही सुटत नव्हतं. "माझं चुकलं," ते म्हणाले.

फ्राऊ टान यांनी पत्र घेतलं, काठी घेतली आणि लिफ्टकडे गेल्या.

पुढचे मंगळवार आणि शुक्रवार दीनानाथ एकटेच खाली बसले. त्यांना आता रागावायला डेस्मंड पुरत नव्हता. एका संध्याकाळी त्यांनी क्षिप्राला सांगितलं, "मी त्या माणसाला भर सभेत खोटा पाडला आणि घरी येऊन तेच केलं."

"तेच नाही, बाबा."

"त्याच्यापेक्षा सभ्य भाषेत केलं, एवढाच फरक."

क्षिप्राने पहिल्यांदा त्यांना समजावायचा प्रयत्न केला नाही. ती नुसती बाजूला बसून राहिली.

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी फ्राऊ टान खाली आल्या. बारीक झाल्या होत्या. काखेत वही होती, कोरे कागद होते. त्या समोर बसल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "पहिल्या पानापासून वाचा. बुटाच्या मापासकट. काही गाळायचं नाही. आणि मग छावणीत काय झालं ते, तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं सगळं."

दीनानाथांनी वाचलं. बुटाचं माप, गॅस मास्कचा आकार, दातांची नोंद. मग त्यांनी छावणीबद्दल सांगितलं, खड्ड्यांबद्दल, सालींबद्दल, आकडे जेवढे आठवत होते तेवढे. फ्राऊ टान यांनी मधे एकदाच अडवलं.

"पहारेकरी काय करायचे?"

"कुंपणाबाहेर उभे राहायचे. कुणी तारेजवळ आलं तर गोळी घालायचा हुकूम होता. तुमच्या वडिलांनी घातली की नाही, हे कुठेही लिहिलेलं नाही. आणि त्यांनी कुणाला पाव दिला की नाही, हेही नाही."

"म्हणजे ते कधीच कळणार नाही."

"नाही."

"मग तसंच लिहा. कळणार नाही, असं."

ते लिहायला दोघांना तीन आठवडे लागले. फ्राऊ टान सांगायच्या, दीनानाथ लिहायचे, भांडणं व्हायची. त्यांनी "राखण" लिहिलं की बाई "पहारा" करायला लावायच्या. त्यांनी "त्या काळच्या परिस्थितीत" असं वाक्य सुरू केलं तर बाईंनी ते पेनाने स्वतः खोडलं. शेवटी दोन पानं झाली : या वहीतली तिसरी ओळ आणि बिल्ल्याची नोंद खोटी आहे, ती विक्रीसाठी २०१३ ते २०१६च्या दरम्यान घातली गेली. हिच्यातली पहिली ओळ खरी आहे, आणि तिचा अर्थ असा. खाली सही, हानेलोर टान, जन्माचं नाव ल्युडर्स, मुलगी.

त्या माळरानावर आता स्मारक आहे आणि तिथे कागदपत्रं जपतात. वही तिकडे पाठवायची हे त्यांनीच ठरवलं. मुलाने फोनवर विरोध केला, घराण्याचं नाव कशाला चव्हाट्यावर आणायचं म्हणाला. "नाव चव्हाट्यावर तूच नेलं होतंस, पेटीत घालून," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पोस्टात पाकीट देऊन बाहेर आल्यावर दोघे बाकावर बसले. दुपारचं ऊन रस्त्यावर उभं होतं. दीनानाथांनी छत्री उघडली आणि त्यांच्या बाजूला धरली.

"माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही," फ्राऊ टान म्हणाल्या.

"जाऊ नये," दीनानाथ म्हणाले.

"शुक्रवारी साडेनऊला या. चहाचे पैसे तुम्ही द्यायचे."